बाबांच्या मापाची दुर्बीण

लहान दुर्बीण मी निवडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दोष कोणाला द्यायचा हा प्रश्न उरणार नाही. दुकानदाराने सांगून पाहिलं, आईने सुचवून पाहिलं, मी दोघांनाही जुमानलं नाही. मी शाळेत गणित शिकवते. चार आकडे समोर मांडले की मला वाटतं, सगळं कळलं.

बाबांना तेव्हा ऐंशीवं लागायचं होतं. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. बाबा सिंचन खात्यात इंजिनिअर होते. आयुष्यभर धरणं आणि कालवे बघत फिरले, आणि जिथे पाणी तिथे पक्षी, म्हणून तेही बघायला लागले. कोणा सहकाऱ्याच्या भावाने परदेशातून आणलेली एक भलीमोठी काळी दुर्बीण त्यांच्याकडे होती. दहा बाय पन्नास. म्हणजे वस्तू दहापट जवळ दिसते आणि समोरची काच पन्नास मिलिमीटर रुंद. वजन जवळजवळ किलोभर. लहानपणी ती गळ्यात घालायला मिळाली की मी पुढे वाकूनच चालायची.

दुर्बिणीबरोबर एक रजिस्टर असायचं. कचेरीत असतं तसं लांबडं, कापडी पाठीचं. त्यात बाबा पट्टीने रकाने आखायचे: तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या, शेरा. एक भरलं की दुसरं. आणि त्या रजिस्टरचा एकच कायदा होता, जो बाबांच्या नोकरीचाही होता. मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहिल्याशिवाय सही नाही. कालव्याचं काम पुरं झालं असं हाताखालच्या चौघांनी लिहून दिलं तरी बाबा स्वतः त्या कालव्यावरून शेवटपर्यंत चालत जायचे आणि मगच कागदावर सही करायचे. या हट्टापायी बदली होऊन आम्हाला दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. आई अजून ते ऐकवते.

घरातही सूट नव्हती. मी दहा वर्षांची असताना आमच्या सरकारी क्वार्टरमागच्या पेरूच्या झाडावर मला दूधराज दिसला होता. पुस्तकातलं त्याचं मराठी नाव स्वर्गीय नर्तक, पण इथे सगळे दूधराजच म्हणतात. पांढराशुभ्र, काळ्या डोक्याचा, मागे हातभर लांब शेपटीच्या दोन फिती. मी ओरडत आत गेले, बाबा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आले, तोवर झाड रिकामं. मी म्हटलं, लिहा ना. ते म्हणाले, मी पाहिला नाही, कसा लिहू? मी रडले. मग त्यांनी मला एक वेगळी वही आणून दिली आणि म्हणाले, तू पाहिलास ना, तुझ्या वहीत लिही. मी रागाने त्या वहीत काहीही लिहिलं नाही. तो राग माझ्या मनात बरीच वर्षं होता, आणि खरं सांगायचं तर पुरता कधी गेलाच नाही.

निवृत्तीनंतर बाबा आणि आई शाहपुऱ्यात तलावाजवळच्या घरात राहायला आले. मी लग्नानंतर मिसरोदला. दर रविवारी बाबा पहाटे स्कूटर काढून बड्या तलावाच्या मागच्या अंगाला, बिशनखेडीकडे जायचे आणि दहाच्या सुमाराला परत येऊन रजिस्टर लिहायला बसायचे. पोहे नंतर, आधी रजिस्टर.

मग त्यांचे हात कापायला लागले. मांडीवर ठेवलेला हात शांत असायचा, पण चहाचा कप उचलला की थरथर सुरू. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं काहींना, गोळीने थोडं कमी होईल. गोळीने झोप यायला लागली, थरथर होती तशीच राहिली. त्यातच उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर गेला की कळ यायची. काळी दुर्बीण कपाटात गेली, स्कूटर शेजाऱ्यांना देऊन टाकली. एक दिवस आईचा फोन आला. ती तक्रार करणारी बाई नाही. ती एवढंच म्हणाली, “रविवारी हे पाचला उठतात गं, आंघोळ करून, बूट घालून अंगणात बसतात. कुठे जात नाहीत. नुसते बसतात.”

बूट घालून बसलेले बाबा दिवसभर डोळ्यांसमोर होते. मी ठरवलं की दर रविवारी त्यांना गाडीने न्यायचं, आणि वाढदिवसाला अशी दुर्बीण द्यायची की जी त्यांना पेलेल. दुखणं वजनाचं आहे, तर वजन कमी करू. किती सरळ गणित!

चार संध्याकाळी मोबाइलवर वाचण्यात घालवल्या आणि मग न्यू मार्केटमधल्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्क, पांढरी दाढी, बोलणं अस्सल भोपाळी. त्याने काचेवर दोन दुर्बिणी ठेवल्या. एक आठ बाय बेचाळीस, पूर्ण आकाराची, बाबांच्या जुन्या दुर्बिणीपेक्षा हलकी पण तरी दोन्ही हातांत मावेल एवढी. दुसरी आठ बाय पंचवीस, मिटली की मुठीत राहणारी, कोटाच्या खिशात टाकली तर कळणारही नाही अशी. मी दोन्ही घेऊन दाराशी गेले आणि समोरच्या गच्चीवरचं कबूतर पाहिलं. भर दुपार, लख्ख ऊन. दोन्हींतून कबुतराच्या मानेवरची हिरवी झाक सारखीच दिसली. मग वजन उगाच का वाहायचं?

दुकानदार म्हणाला, लहान काचेत उजेड कमी येतो, पहाटे आणि झाडीत फरक कळेल. चष्मा असेल तर डोळा नेमका जागेवर ठेवावा लागतो, जरा हलला की काळं दिसतं. आणि ज्यांचा हात हलतो त्यांच्या हातात हलकी वस्तू जास्तच हलते, जड थोडी थांबते. हे सगळं त्याने सांगितलं. मी मनात म्हटलं, महागातली खपवायची आहे याला. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, जिनके लिए लेनी है, उन्हीं को ले आइए. ये चश्मे जैसी चीज़ है.”

मी त्यांना नेलं नाही. मला चकित करायचं होतं. बाबांना न विचारता, त्यांचे डोळे आणि त्यांचे हात सोबत न घेता, मी माझ्या धडधाकट हातांनी भर दुपारी दुर्बीण पारखली. मौका न पाहता सही केली, आणि तीही त्यांच्या मुलीने. आईने घरी डबी उघडून पाहिली आणि म्हणाली, एवढीशी? मी म्हटलं, मूर्ती लहान पण कीर्ती महान. आईने डबी परत मिटून ठेवली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

पहिल्या रविवारी तलावावर धुकं होतं. मी घडीचं स्टूल मांडलं, बाबा बसले, गळ्यातली नवी दुर्बीण त्यांनी दोनदा हाताने चाचपली. काठावरच्या वाळक्या फांदीवर खंड्या होता. अगदी जवळ. बाबांनी दुर्बीण डोळ्याला लावली. ती चष्म्यावर टकटक वाजत होती, मला ऐकू येत होतं. बाबांनी चष्मा वर केला, परत खाली घेतला, डोकं जरा मागे, जरा पुढे.

“दिसला?” मी विचारलं.

“हं,” बाबा म्हणाले. “दिसला. हलकी आहे फार.”

मला काय आनंद झाला! त्या दिवशी वाटेत गाडी थांबवून आम्ही जिलेबी घेतली. आईला मी दारातूनच सांगितलं, बघ, मी म्हणत नव्हते?

तिसऱ्या-चौथ्या रविवारी माझ्या लक्षात यायला लागलं. टिटवी डावीकडे ओरडत होती आणि बाबांची दुर्बीण समोर होती. मी म्हटलं, बाबा, त्या दगडाच्या मागे. ते म्हणाले, हं, दिसली. टिटवी तोवर उडून गेली होती. त्या दिवशी घरी जायच्या आधी त्यांची दुर्बीण मागून घेतली आणि मुद्दाम हात थरथरवत तिच्यातून पाहिलं. पाणी, आकाश, काळं, परत पाणी. माझं मलाच गरगरायला लागलं.

मग मी इरेला पेटले. दुकानदाराकडे गेले, त्याने “मैंने कहा था” असं एकदाही म्हटलं नाही, उलट मोठी दुर्बीण एका दिवसासाठी घरी न्यायला दिली. बाबांनी ती अंगणात उचलली आणि खरंच, समोरच्या तारेवरचा कोतवाल पक्षी त्यांना दिसला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. जेमतेम दहा आकडे मोजून होईपर्यंत. मग खांद्यात कळ आली आणि दुर्बीण मांडीवर आली. पुन्हा उचलली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचललीच नाही. लहानीतून दिसत नाही, मोठी पेलत नाही. मी छातीवर वजन घेणारे पट्टे आणले. मान आणि पाठ सुटली, पण दुर्बीण डोळ्यापर्यंत न्यायची तर हात वर करावाच लागतो. मी तीन पायांचा स्टँड आणला. त्यावर दुर्बीण हलत नव्हती, पण बाबांना मान वाकवून धरवेना, आणि स्टँड वळवेपर्यंत पक्षी पलीकडच्या गावात. थरथर आपोआप सावरणारी दुर्बीणही मिळते म्हणे, आत बॅटरी असते. दुकानदाराने तिचं वजन सांगितलं. बाबांच्या जुन्या काळ्या दुर्बिणीएवढंच होतं.

जगात एवढ्या दुर्बिणी आहेत आणि त्यांतली एकही माझ्या बाबांच्या मापाची नव्हती. मला रडू आलं ते दुकानातच. दुकानदाराने पाणी दिलं. बाबांना म्हटलं, मोठी घेऊ या का तरी? ते म्हणाले, “नको, लहानच बरी. गळ्यात आहे असं वाटतसुद्धा नाही.”

मला वाटलं होतं, आता ते येणं बंद करतील. पण नाही. रविवारी साडेपाचला बूट घालून तयार. तलावावर गेलं की दुर्बीण डोळ्याला, आणि मी “दिसला?” म्हटलं की “दिसला.” आमचं दोघांचं हे नाटक व्यवस्थित चालू झालं. मी सांगायची, ते बघितल्यासारखं करायचे. शेकाट्या आहेत बाबा, सहा. हळदी-कुंकू बदकं, पलीकडच्या गवतात. ते मान हलवायचे.

आणि मग एका रविवारी काहीच नव्हतं. थंडी होती, पाण्यावर वाफ होती, दूरच्या शेतात दोन उंच, राखाडी काहीतरी उभं होतं. बहुधा कुंपणाचे खांब. बाबा अर्धा तास गप्प बसून होते. त्यांचे हात मांडीवर, शांत. मला ते सहन होईना. ते नुसते अंगणात बसलेले आणि ते इथे बसलेले यात मग फरक काय?

“बाबा, सारस,” मी म्हटलं. “जोडी आहे.”

सारस हा त्यांचा जीव. पुरुषभर उंचीचा, लाल मानेचा पक्षी, जोडीने राहणारा. पूर्वी त्यांना तिथे हमखास दिसायचा, पण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे गेल्या कित्येक वर्षांत नाही. बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले. दुर्बीण लावली आणि कळ येईपर्यंत, कळ आल्यानंतरही, खाली घेतली नाही. मी विचारलं, दिसले? ते म्हणाले, दिसले. घरी जाताना गाडीत त्यांनी मला आजवर कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली, की आमच्या आजीच्या माहेरी सारसाला कोणी दगड मारत नसत. वाटभर बोलत होते.

त्यानंतर मला चटकच लागली. दर रविवारी नाही, पण जेव्हा पाणी रिकामं असेल तेव्हा. एकदा चक्रवाकांची जोडी, एकदा काळा करकोचा. दोन-तीनदा परत सारस, आणि त्यांची मान, त्यांचं नाचणं, सगळं. पुस्तकात वाचून जायची मी. मनाला टोचायचं, नाही असं नाही. पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. यात कोणाचं काय बिघडतं? बाबा स्वतः पाहिल्याशिवाय लिहीत नाहीत. रजिस्टर स्वच्छ आहे. ही नुसती हवेतली गोष्ट, तलावावर बोलली, तलावावर विरली.

होळीच्या आधीचा रविवार. ऊन लवकर चढायला लागलं होतं, बदकं परत गेली होती. बाबा गाडीत बसताना मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसले. मला वाटलं, शाल असेल. तलावावर स्टुलावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं.

“एक काम राहिलंय,” ते म्हणाले. “बस इथे.”

मी जमिनीवर बसले. त्यांनी गळ्यातली दुर्बीण उचलून दाखवली.

“मला यातून काही दिसत नाही. पहिल्या दिवसापासूनच नाही. तू एवढ्या हौसेनं आणलीस, म्हणून बोललो नाही.”

हे मला ठाऊक होतं, तरी ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला रागच आला. त्यांचा नाही, पण निघाला त्यांच्यावरच. मी म्हटलं, मग दर वेळी दिसला, दिसला कशाला म्हणत होता?

“तोंडानं म्हणालो,” बाबा म्हणाले. “लिहिलं नाही.”

त्यांनी रजिस्टर उघडलं. पट्टीने आखलेल्या रेघा आता जागोजागी घसरल्या होत्या, अक्षरं एकमेकांवर चढली होती. नेहमीच्या पाच रकान्यांपुढे एक सहावा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं: कोणी पाहिले. खाली, नव्या दुर्बिणीच्या पहिल्या रविवारपासून, एकेका ओळीत तेच. खंड्या, एक, मुलगी. टिटवी, एक, मुलगी. शेकाट्या, सहा, मुलगी. मधूनच अंगणातली चिमणी किंवा तारेवरचा कावळा, तिथे मात्र: स्वतः. मी बोट खाली खाली नेत गेले. सारस, दोन, मुलगी. चक्रवाक, दोन, मुलगी. काळा करकोचा, एक, मुलगी. सारस, दोन, मुलगी. शेऱ्यात लिहिलं होतं: नाचताना.

ज्या माणसाने चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणाच्या शब्दावर सही केली नाही, त्याने माझ्यासाठी रकाना आखला होता.

पानाच्या अगदी वर, रेघ नसलेल्या जागेत, आणखी एक ओळ होती. तिची तारीख नव्हती. दूधराज, एक. सरकारी क्वार्टर, पेरूचे झाड. कोणी पाहिले: मुलगी, वय दहा. शेरा: नोंद उशिरा.

“ज्यानं पाहिलं त्याची सही लागते,” बाबा म्हणाले. “नाहीतर उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं?”

कोण विचारणार होतं? ते रजिस्टर आमच्या घराबाहेर कोणी कधी उघडलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, एक सांगायचंय. ते खिशातून पेन काढत होते. टोपण निघेना. एकदा हात चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा निघालं आणि ते इतके खूश झाले की त्यांनी पेन लगेच माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, काय सांगायचंय? मी म्हटलं, काही नाही.

मी दूधराजापासून सुरुवात केली. ती सही करताना मला काहीच वाटलं नाही, तो पक्षी खरा होता. खंड्या, टिटवी, शेकाट्या, सगळे खरे. सारसांच्या ओळीशी माझा हात थांबला. बाबांना वाटलं, मला त्यांचं अक्षर लागत नाहीये. ते पुढे वाकले.

“सारस आहे ते,” ते म्हणाले. “दोनच होते ना? की पिल्लूही होतं?”

“दोनच,” मी म्हटलं, आणि सही केली. करकोच्यापुढे केली, चक्रवाकांपुढे केली. नाचणाऱ्या सारसांपुढेही केली.

बाबांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, रजिस्टर पिशवीत ठेवलं आणि लहान दुर्बीण डोळ्याला लावली. ती चष्म्यावर टकटक वाजायला लागली. समोर पाण्यावर काही नव्हतं, शेतात ते दोन खांब उभे होते.

“हं,” बाबा म्हणाले, “सांग आता.”